आधी वाचायला शिकवू या: शालेय शिक्षणमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या दुसऱ्या प्रकरणाकडे आपलं लक्ष वेधावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. धोरणावर एवढी चर्चा झाली, पण हे प्रकरण उघडून वाचलेली माणसं मला क्वचितच भेटली. 29 जुलै 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या या धोरणात तिथं स्वच्छ म्हटलंय की त्या वेळी प्राथमिक आणि उच्च प्राथमिक वर्गांत शिकणाऱ्या पाच कोटींहून अधिक मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही, असा अंदाज आहे. हा पाया आधी घातला गेला तरच उरलेल्या धोरणाला या मुलांच्या लेखी काही अर्थ राहील, असंही तिथंच म्हटलंय. 2025 पर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन यावं, हे त्यातलं उद्दिष्ट. 5 जुलै 2021 ला याच कामासाठी केंद्राचं निपुण भारत अभियान सुरू झालं तेव्हा ही मुदत 2026-27 वर गेली. तीही आता येऊन ठेपली आहे.

आपण याच जिल्ह्याचे, मालेगावचे. सुरगाणा कुठं आहे, पेठचे पाडे किती लांब लांब पसरलेत, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजूर कुठून येतात, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला.

माझी उमेदीची वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली आहेत. निवृत्त झाले तरी मुलं आणि पुस्तकं सुटलेली नाहीत. त्या बळावर एकच गोष्ट सांगते. वाचायला शिकवण्याचं काम आपल्याकडे वाचन मोजण्याच्या कामाखाली दबून गेलंय. किती मुलांना वाचता येतं याचे तक्ते ढिगानं झाले. पहिली-दुसरीच्या बाईंना रोज सलग दोन तास कुणी उठवणार नाही, आणि दोन वर्षं त्या त्याच मुलांबरोबर राहतील, एवढी साधी हमी मात्र आजवर कुणी दिलेली नाही.

मराठी वाचायला सोपी, असं मोठ्या माणसांना वाटतं. ‘जसं लिहितो तसं वाचतो, इंग्रजीसारखी भानगड नाही,’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूनं बघा. इंग्रजीची मुळाक्षरं सव्वीस. आपली नुसती बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि उच्चारात मागून येते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे बोट सरकवत वाचणारं मूल तिथं हमखास अडखळतं. ‘घर’ सुटं म्हणताना ‘र’ पूर्ण म्हणायचा आणि शब्द म्हणताना तोच ‘र’ निम्मा करायचा. ‘चहा’ आणि ‘चमचा’, ‘जीभ’ आणि ‘जहाज’, अक्षर तेच, आवाज निराळा. ‘आंबा’, ‘गंगा’, ‘संत’ या तिन्हींवर टिंब एकच, पण नाकातून निघणारा आवाज तीन तऱ्हेचा. आणि ‘र’ तर ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’, ‘दऱ्या’ अशी चार सोंगं घेतो. घरात पुस्तकं असलेलं मूल हे सगळं आजीच्या मांडीवर ऐकत ऐकत, नकळत उचलतं. ज्याच्या घरात रेशनकार्डाखेरीज छापील कागद नाही, त्याला ते कुणीतरी बसून, क्रमानं, पुन्हा पुन्हा शिकवावंच लागतं.

यावर अभ्यासही झालेत. आपल्यासारखीच अक्षररचना असलेल्या कन्नडमध्ये संशोधक सोनाली नाग यांनी दाखवून दिलं की अक्षरांवर पकड बसण्याचं काम पहिल्या दोन वर्षांत संपत नाही, ते तिसरी-चौथीपर्यंत चालतं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी मुलांचा आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड मुलांचा असा वाचनावरचा एक लांब पल्ल्याचा अभ्यास झाला. वाडा आपल्यापासून किती दूर? त्र्यंबकेश्वरचा घाट उतरून जव्हारच्या पलीकडे. पण त्यातून जे दिसलं ते आपल्या वर्गाच्या वेळापत्रकात अजून उतरलेलं नाही.

एक उदाहरण सांगते. मी पंचवटीत एका वस्तीत संध्याकाळी मुलांना घेऊन बसते. गेल्या पावसाळ्यात तिथं तिसरीतली एक मुलगी यायला लागली. आईवडील पेठ तालुक्यातले, इथं बांधकामावर कामाला. मुलीनं पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा म्हणून दाखवला. बोट ओळीवरून फिरत होतं, तोंड मात्र दोन ओळी पुढं होतं. मी चित्रावर हात ठेवला आणि पानाच्या मधल्या ‘विहीर’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? तिनं ‘व’ ओळखला. ‘वला पहिली वेलांटी वि, हला दुसरी वेलांटी ही’, असं पुटपुटत ती ‘र’पर्यंत पोचली. मग तिघांची मोट बांधायला गेली, तोवर पहिला ‘वि’ निसटला होता. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. शेवटी तिनं चित्र झाकलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. गावाकडे या मुलीनं रोज विहिरीवरून पाणी आणलंय. तिच्या प्रगतिपुस्तकात मराठीपुढे चांगली श्रेणी होती.

या पोरीला अक्षरं येत नव्हती असं नाही. अक्षरांचा शब्द व्हायला जो वेग लागतो तो तिच्यात कुणी येऊ दिला नव्हता, कारण तिला रोज वाचायला मिळालंच नव्हतं. बाराखडी सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायची, फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचं, यात वर्ष सरतं. उतरवून घेणं म्हणजे वाचणं नव्हे. आम्ही डीएडला असताना अक्षरपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती यांचे गुणदोष परीक्षेत लिहिले, पण ‘वि’ हातून निसटणाऱ्या मुलीसमोर बसल्यावर नेमकं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. ते मला पुढं फलटणच्या आणि वाड्याच्या मंडळींचं काम पाहून उमगलं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं मराठी वाचनाचा क्रम मुलांच्या बाजूनं लावून दाखवला. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत रांगेनं जायचं नाही. म, क, ल आणि काना एवढं घेतलं तरी मका, काका, मामा, माला, कला, लाल, कमाल असे शब्द पहिल्या आठवड्यात हाताशी येतात आणि आपण वाचतो आहोत हे मुलाला कळतं. त्याच्या जोडीला रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची, तीही अभिनयाचं अवडंबर न करता, पानावर बोट ठेवून. आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून त्यालाच वाचायला द्यायचं. त्या मुलीनं मला सांगितलं, ‘आमी कांदा लावाया गेलतो.’ मी तसंच लिहिलं. ‘आम्ही कांदा लावायला गेलो होतो’ असं सुधारलं नाही. तिनं ते वाचलं, दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पुन्हा वाचलं, आणि मग ‘कांदा’मधला ‘कां’ तिला धड्यात दिसायला लागला. दिवाळीपर्यंत ती पाच-सहा ओळींची अनोळखी गोष्ट वाचून, कशाबद्दल आहे तेही सांगायला लागली होती. यात जादू काही नाही. रोज वेळ दिला, एवढंच.

ही सगळी माहिती सरकारला नाही असं मी म्हणत नाही. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तोंडी भाषा, शब्द ओळखणं, वाचन आणि लेखन असे चार भाग रोज हाताळा, असं नीट लिहिलंय. तो भाग मला मनापासून आवडला. प्रश्न आहे तो शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत बाईंच्या हातात वेळ किती उरतो याचा. परिपाठ होतो. मग हजेरी, पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, मुलांचे अपार ओळख क्रमांक, कुठल्या तरी दिनानिमित्त घेतलेल्या उपक्रमाचे फोटो, त्या फोटोंची लिंक, केंद्रप्रमुखांचा ‘आज दुपारी तीनपर्यंत’ असा निरोप. मतदार याद्यांचं काम आलं की बीएलओ म्हणून घरोघरी. दोन शिक्षकांची शाळा असेल तर एक तालुक्याला मीटिंगला गेला की दुसऱ्यापुढं चार वर्ग. अशा दिवशी बळी जातो तो पहिलीचाच, कारण पहिलीच्या मुलांना ‘शुद्धलेखन काढा’ म्हणून बसवता येतं आणि ती तक्रार करत नाहीत. शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामांना लावू नये, हे याच राष्ट्रीय धोरणात लिहिलेलं आहे. त्याची अंमलबजावणी सुरू करायला पैसाही लागत नाही.

आता मोजण्याबद्दल. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, असं निपुण भारतचं लक्ष्य आहे, आणि मजकूर अनोळखी असावा हेही त्यातच लिहिलंय. माझा मोजण्याला विरोध नाही. पण मुलगा कुठं अडतो ते बाईंना कळावं म्हणून मोजायचं असतं. आकडा वर पाठवण्यासाठी मोजलं की आधी सराव करून घेतलेला उतारा मुलासमोर येतो, मोबाइलचं घड्याळ लागतं, मूल धापा टाकत वाचतं, आणि ‘अर्थासह’ हा शब्द गळून पडतो. शिवाय मराठीचा शब्द म्हणजे काय, याचाही विचार हवा. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे चार-पाच शब्द होतात. एनसीईआरटीनं 2022 मध्ये तिसरीच्या मुलांची वीस भाषांत पाहणी केली आणि वाचनाच्या पायऱ्या प्रत्येक भाषेसाठी निराळ्या ठरवल्या. मग आपल्या तालुक्या-तालुक्यात अजून साठाचाच धोशा का?

सुधारणा होऊ शकते, हे आकडेही सांगतात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचं प्रमाण 2022 मध्ये 16.3 टक्के होतं. 2024 मध्ये ते 23.4 टक्क्यांवर गेलं. ही वाढ शिक्षकांनी कमावलेली आहे आणि तिचं मोल मोठं आहे. तरीही दर चार मुलांमागे तिघं मागेच आहेत. आपल्या राज्यानं 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि नापास करण्याची तरतूद आणली. दुसरीत ज्याला वाचायला कुणी शिकवलं नाही, त्याला पाचवीत नापास करायचं, हा न्याय मला पटत नाही. जाब विचारायचाच असेल तर तो पहिली-दुसरीत विचारा, आणि मुलाला न विचारता व्यवस्थेला विचारा.

2025 चा उन्हाळा आपण आणि आम्ही सगळ्यांनी भाषेच्या वादात घालवला. पहिलीपासून हिंदी आणण्याचा 16 एप्रिलचा शासन निर्णय, 17 जूनचा सुधारित निर्णय, मग 29 जूनला दोन्ही मागे आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. पहिलीपासून तिसरी भाषा लादू नये, असं माझंही ठाम मत आहे. पण त्या सगळ्या गदारोळात मला एका गोष्टीचं फार वाईट वाटत राहिलं. मुलाला किती भाषा शिकवायच्या यावर सगळे बोलत होते. त्याला एका तरी भाषेत वाचता येतं का, हा प्रश्न विधिमंडळापासून चॅनेलच्या चर्चेपर्यंत कुणाच्या तोंडी आला नाही. आणि खरं तर आपल्या जिल्ह्यात पहिलीत येणाऱ्या कितीतरी मुलांची शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरला घरात कोकणा, वारली, महादेव कोळ्यांची बोली. बागलाण, देवळा, मालेगावकडे अहिराणी. मालेगाव शहरात उर्दू. किमान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरच्या भाषेतून शिकवावं, असं धोरण म्हणतं. याचा अर्थ लगेच कोकण्यात पाठ्यपुस्तकं छापा असा मी लावत नाही. पण पहिलीचे सुरुवातीचे महिने बाईंनी मुलांचं बोलणं ऐकावं, त्यांच्या बोलीतली वाक्यं फळ्यावर लिहावीत, ‘शुद्ध बोल’ म्हणून त्यांना गप्प करू नये, आणि असं केल्याबद्दल तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारू नये, एवढं तर करता येईल? पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी वारली मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, त्याला किती दशकं लोटली. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला जे जमलं ते अलीकडे जमू नये, असं काही नाही.

स्थलांतराचा प्रश्न मी थोडक्यात सांगते, कारण तो आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. पावसाळा संपला की पाडे ओस पडतात. द्राक्षाची छाटणी, मग खुडा, कुणी ऊसतोडीला. मुलं बरोबर जातात. जून ते ऑक्टोबर अक्षरं शिकलेलं मूल नेमकं शब्द जुळायला लागतात तेव्हा उठतं. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, पण त्यावर नाव, इयत्ता आणि शिक्के असतात. त्याच कार्डावर या मुलाला कोणते अक्षरगट येतात, कोणती पुस्तकं वाचून झालीत, एवढ्या दोन ओळी पहिल्या शाळेनं लिहाव्यात. म्हणजे निफाडच्या शाळेतल्या बाईंना त्याला पुन्हा ‘अ’पासून सुरू करावं लागणार नाही.

आणि पुस्तकं. नाशिक हे पुस्तकांचं गाव. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. कुसुमाग्रज इथले, त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. ‘ग्रंथ तुमच्या दारी’सारखा उपक्रम इथून सुरू होऊन परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचला. 2021 चं साहित्य संमेलन इथं झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्याच जिल्ह्यात शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं कुलपात असतात, आणि त्याचं कारण शिक्षकांची अनास्था हे नेहमीच नसतं. पुस्तक डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढलेलं असतं. ते फाटलं, हरवलं तर पदभार देताना हिशोब द्यावा लागतो, म्हणून मुख्याध्यापक ते हाती देत नाहीत. कोरं करकरीत कपाट पाहून तपासणी अधिकारी खूश होतात. साहेब, पहिलीच्या मुलांनी हाताळलेलं पुस्तक फाटणारच. त्यावर भाजीचा डाग पडणार, धाकटा भाऊ पान ओढणार. ‘पहिली ते तिसरीच्या वाचनाची पुस्तकं ही खडूसारखी वापरून संपणारी वस्तू धरावी, त्यांची वसुली शिक्षकाकडून करू नये’, अशा दोन ओळींचं परिपत्रक आपण काढलंत, तर एका सहीनं राज्यातली हजारो कपाटं उघडतील. बाकी सगळं विसरलात तरी हे एवढं कराच.

पहिली-दुसरीची दोन तासांची रोजची वेळ राखीव ठेवण्याचा आदेशही अवघड नाही. त्या वेळेत बैठक नाही, फोन नाही, लिंक नाही, उपक्रमाचा फोटो नाही. पहिलीचा शिक्षक दुसरी संपेपर्यंत त्याच मुलांबरोबर राहावा, मध्येच समायोजनात दुसऱ्या शाळेत उचलून नेऊ नये. आणि डाएटच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेच्या, प्रशिक्षणांत सभागृहातल्या सादरीकरणांपेक्षा, अडखळणाऱ्या मुलासमोर बसून वाचन कसं शिकवायचं, हे प्रत्यक्ष वर्गात दाखवावं. इंग्रजीचा हट्ट धरणाऱ्या पालकांशी मी रोज बोलते, त्यांची धडपड मला कळते. पण जे मूल मराठी नीट वाचतं ते पुढं इंग्रजीही लवकर पकडतं, हे त्यांना पटवायला आधी आपल्या शाळांतली मुलं वाचताना दिसायला हवीत.

एक विनंती करून थांबते. आपण मतदारसंघात येता तेव्हा वाटेतल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत, आधी न कळवता, अर्धा तास थांबा. सत्कार, लेझीम, स्वागतगीत काही नको. बरोबर एक नवं गोष्टीचं पुस्तक घेऊन जा, शाळेतलं नको. दुसरीतल्या पाच मुलांना त्यातलं एकेक पान वाचायला सांगा आणि काय वाचलंत ते त्यांच्याच बोलीत सांगायला सांगा. मग त्या वर्गाच्या बाईंना बाजूला बसवून विचारा, या आठवड्यात या मुलांबरोबर सलग दोन तास आपल्याला कधी मिळाले? त्यांचं उत्तर ऐकून जो निर्णय आपल्याला योग्य वाटेल, तो या शैक्षणिक वर्षापासून घ्यावा.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
पंचवटी, नाशिक